हात पाठीमागे

९ जानेवारी

एर्वे,

पाकीट टोपलीत टाकायच्या आधी खालची सही बघ. हो, मीच. नऊ वर्षांनी. मधे आईच्या दफनाला आपण शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होतो आणि तू मला ‘फुलं कुठे ठेवू’ एवढं विचारलंस. त्याला बोलणं म्हणत असशील तर सहा वर्षांनी.

माफी मागायला लिहीत नाहीये, उगाच हुरळून जाऊ नकोस. सोबत एक छापील अर्ज आहे, सायकलघराच्या सभासदत्वाचा. भर आणि पाठव. वर्गणी किती द्यायची ते तुझं तू ठरव, आपली रीत अजून तीच आहे, ज्याला जमेल तेवढं. पाच युरो टाकलेस तरी मी नाक मुरडणार नाही. मला तुझं पाकीट नको, यादीत एक डोकं हवंय.

झालंय असं की अनुदान तीन वर्षांचं होतं, ते संपलं. जागेचा मालक मार्चअखेर नवा करार करणार, आणि त्याला दाखवायला काहीतरी हवं. पाचशे सभासद झाले तर कुणापुढे हात न पसरता भाडं निघतं असं माएल म्हणते. माएल म्हणजे आमची नवी सचिव. एकतीस वर्षांची आहे, बोलता बोलता याद्या करते, आणि मी तिला अजून आवडते, कारण तिने मला पुरतं ओळखलेलं नाही. काल रात्रीपर्यंत आम्ही एकशे ऐंशी होतो. म्हणून मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना अर्ज पाठवतेय. दाताच्या डॉक्टरलाही पाठवला. तुला न पाठवणं म्हणजे उगाच तुला जास्त महत्त्व दिल्यासारखं झालं असतं.

नियमही तोच आहे. विसरला असशील तर सांगते, भिंतीवर अजून माझ्याच हातची पाटी आहे: इथे कुणी कुणाची सायकल दुरुस्त करून देत नाही. ज्याची सायकल त्याचे हात. जाणत्याने शेजारी उभं राहायचं, तोंडाने सांगायचं, आणि स्वतःचे हात पाठीमागे ठेवायचे. समोरच्याला पंक्चर काढायला दोन तास लागले तरी. दातओठ खात का होईना, पण मागे.

तुला ते कधी जमलं नाही. म्हातारा शावान चाकाचा आउट काढत बसला होता, हात थरथरत होते त्याचे, आणि तू सरळ त्याच्या हातातला पाना काढून घेतलास. दहा मिनिटांत चाक सरळ. म्हातारा रडला, तुझ्या गालाचे मुके घेतले त्याने, आणि तू असा उभा राहिलास की जसा काही त्याचा जीव वाचवलास. तुला काढून टाकायचा ठराव मी मांडला, सात हात वर झाले, तू ल्योंला गेलास. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. एकाचं केलं की सगळ्यांचं करावं लागतं, आणि मग आपण चारचौघांसारखं एक दुकान होतो. तशा एका मोठ्या दुकानात तू हल्ली गणवेश घालून काम करतोस असं कानावर आलं. लखलाभ.

पेन नीट चालत नाहीये. अक्षर लागत नसेल तर अर्ज तेवढा वाच, तो छापील आहे.

सोलांज

६ फेब्रुवारी

एर्वे,

अर्ज आला. वीस युरो. धन्यवाद म्हणते, सचिवांच्या वतीने.

तीनशे चाळीस झालोय. खूश व्हायला हवं ना? तर ऐक. गुरुवारी एक गृहस्थ आले, चांगल्या घरचे, गळ्यात मऊ मफलर. तीस युरो भरले, कार्ड खिशात घातलं, सायकल भिंतीला टेकवली आणि विचारतात, ‘कितीला येऊ?’ म्हटलं, कशाला? तर म्हणे न्यायला. मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि मला म्हणाले की बाई, मी सभासद आहे. आता सभासद म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे मी दिवसातून दहादा सांगते. घसा बसला माझा. सभासद म्हणजे मालक, झाडूसुद्धा त्यानेच मारायचा. पण माणसं जमवायला आम्हीच बाजारात टेबल टाकून बसलो होतो, ‘या, सभासद व्हा’ म्हणून चीजच्या गाडीशेजारी ओरडत होतो. आता ती आली, तर त्यांना हात काळे करायचे नाहीत.

आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला एक मत आहे. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चाळीस वर्षं संस्थांमध्ये काढली, घटनेतलं कलम न् कलम मी लिहिलं, आणि भाड्यासाठी माणसं गोळा करताना मतं गोळा होतायत हे मला दिसलं नाही. बाजारात उभी राहून मी माझ्याच उरावर बसणारी माणसं पकडून आणत होते.

कारण आता माएलने ठराव आणलाय. आठवड्यातून दोन दिवस पगारी कारागीर ठेवायचा. ज्याला शिकायचंय त्याने शिकावं, ज्याला वेळ नाही त्याने सायकल ठेवून जावं. वार्षिक सभा पंचवीस मार्चला. मी तिला म्हटलं, पाटी उतरव मग, शिडी आणून देते. ती शांतपणे म्हणाली, ‘सोलांज, लोक पाच वाजता कामावरून सुटतात, सात वाजता मुलांना जेवायला घालायचं असतं. सगळ्यांना दोन तास कुठून आणायचे?’ आवाज चढवत नाही ही मुलगी. त्याचाच जास्त राग येतो.

पण सगळे तसे नाहीत. वार्दा म्हणून एक आहे, ऑफिसं साफ करते. पहाटे साडेचारला निघते, तेव्हा बस नसते, ट्राम नसते. तिच्या कंत्राटदाराला पाच म्हणजे पाच. मागच्या हिवाळ्यात आली तेव्हा तिला पाना कसा धरतात ठाऊक नव्हतं. आता चेन स्वतः बदलते. परवा पुढच्या ब्रेकची वायर नवी घातली, पहिल्यांदाच, एकटीने. मी शेजारी उभी, हात पाठीमागे. झाल्यावर तिने ब्रेक दाबून बघितला आणि माझ्याकडे अशी बघून हसली की काय सांगू. त्या हसण्यासाठी मी हे सगळं केलं. तुझ्या शावानचं रडणं वेगळं होतं. तो उपकाराखाली रडत होता.

सभेच्या आधी मी घरोघर जाणार आहे. जुने सभासद मला ओळखतात. पाडतेच ठराव, बघ तू.

सोलांज

२ मार्च

एर्वे,

एवढं मोठं पत्र लिहिलं मी, आणि तू एका कार्डावर एक ओळ पाठवतोस. ‘तुझ्या हाताला काय झालंय? अक्षर बदललंय.’ बस्स. ना सायकलघराबद्दल, ना ठरावाबद्दल. तू काय अक्षरतज्ज्ञ झालास?

काही झालेलं नाही. थंडी आहे. आमच्याकडे अजून दंव पडतं, तुमच्या ल्योंसारखं नाही. आज माएलच्या यंत्रावर टाइप करतेय, म्हणजे तुला बघायला अक्षरच नको. आता खूश?

वार्दा पडली. गेल्या मंगळवारी, दवाखान्याच्या उतारावर. पुढच्या ब्रेकची वायर सुटली. मनगट मोडलं आणि हनुवटीला पाच टाके. रस्ता ओला होता. त्या उतारावर लोक पडतातच, बाबाही पडले होते. मी तिला बघायला गेले, संत्री नेली. ती सोफ्यावर बसली होती आणि मलाच समजावत होती की माझंच चुकलं, नट नीट आवळला नाही मी. मी म्हटलं, होतं असं शिकताना. कंत्राटदाराने तिच्या जागी दुसरी बाई घेतली आहे.

तू आता म्हणशील, ‘सोलांज, तू आवळला असतास तर?’ मी हात लावत नाही, एर्वे. नियम आहे. तो सगळ्यांना आहे, मलाही.

आणि तो का आहे ते तुला कधी कळलंच नाही. बाबा रविवारी अंगणात शेजाऱ्यांच्या सायकली घेऊन बसायचे, आठवतं? आठवडाभर कारखान्यात ब्रेक बसवायचे आणि रविवारी पुन्हा तेच. मी बारा वर्षांची होते, तू आठ. मी पाना हातात घेतला की ते दोन मिनिटं बघायचे आणि काढून घ्यायचे. ‘दे त्याला. तुझ्याच्यानं व्हायचं नाही.’ आणि तू घ्यायचास. तुला काही वाटायचं नाही, तुझा काय दोष, तू पोरगा होतास. मी आत जाऊन बटाटे किसायचे. तुझं झालं की तुम्ही दोघं हात धुऊन त्याच बटाट्यांचे गरम गरम रापे खायला बसायचात. चाळीस वर्षांची झाले तेव्हा मी पहिलं चाक एकटीने बांधलं. मी त्या पाटीवर काय लिहिलंय ते आता वाच जमलं तर. शावानच्या हातून तू पाना घेतलास ना, तेव्हा मला तो म्हातारा दिसलाच नाही. बाबा दिसले. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, ठराव नंतर मांडायला हवा होता. असो. गेली ती वेळ.

आता दुसरी गोष्ट. माएलने जुन्या वहीतून तुझं नाव काढलंय, तुला फोन केला म्हणे. सगळ्यांना कारागीर म्हणून तूच हवा आहेस, जुने लोक पण ‘एर्वे असता तर’ करतात. आणि तू तिला सांगितलंस, ‘सोलांज हो म्हणाली तर येईन, नाहीतर नाही.’ वा. भाव खातोस होय? नऊ वर्षांपूर्वीचे सात हात मोजतोयस अजून? माझं हो तुला मिळणार नाही. सत्तर लोकांकडे जाऊन आलेय मी, एकेका जिन्यावर दम लागला. साठ तरी माझ्या बाजूने आहेत.

शिवाय कागद आहेत. ज्यांना सभेला येता येत नाही ते सही करून कळवतात की आपल्या वतीने अमक्याने मत द्यावं. ते अमक्याचं नाव लिहायला विसरतात, दर वर्षी विसरतात. असे बिननावाचे कागद समितीतल्या सगळ्यात जुन्या सभासदाकडे, म्हणजे माझ्याकडे, जातात. हे कलमही माझंच. तेव्हा मोजून बघ.

सोलांज

२६ मार्च

एर्वे,

आज हाताने लिहितेय. वाच जसं लागेल तसं.

काल सभा झाली. पाचशे चार सभासद, जागेचा करार होणार. हे आधी सांगून टाकते, कारण यापुढे चांगली बातमी नाही.

शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होतो, छोट्या मुलांच्या खुर्च्यांवर. एका टेबलावर सारासों चीज आणि पाव, दुसऱ्यावर कागद. माएलने ठराव वाचला. मफलरवाले गृहस्थ बोलले, एक आजी बोलली, मग वार्दा उठली. हात प्लास्टरमध्ये. मला वाटलं, संपलं, आता ही सांगणार की कारागीर असता तर मी पडले नसते.

ती म्हणाली, ‘ब्रेक मी बांधला होता. सोलांजने बांधून दिला नाही. पडले ती माझ्या चुकीने पडले, आणि पुढच्या वेळी नीट बांधीन. मला आयुष्यात कुणी एक गोष्ट शिकवली नव्हती. नियम राहू द्या.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून वाजवल्या.

आता नीट वाच. नियमात एक सूट आहे, तुला माहीत आहे, तूच घालायला लावली होतीस. ब्रेकचं काम झालं की जाणत्याने शेवटी एकदाच हात लावायचा. दोन बोटांनी वायर ओढून बघायची, नट आवळून बघायचा. तेवढाच हात, मग पुन्हा मागे. त्या दिवशी मी वार्दाचा नट बघितला. बोटं ठेवली, ओढलं, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मेली आहेत, एर्वे. अंगठा धरून तीन. फितीच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर बसले त्याची देणगी. मनगटातली नस दबलीय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशनला तीन वर्षं उशीर झाला. नट आवळायला गेले, पाना फिरला की नुसताच घसरला तेही समजलं नाही. वार्दा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, ‘छान झालंय.’

तीन वर्षं मी हे कुणाला कळू दिलेलं नाही. कळणार कसं? हात पाठीमागेच असतात ना माझे. सगळे म्हणतात, सोलांज काय कडक आहे, मोह म्हणून होत नाही तिला पान्याला हात लावायचा. कडक कसली. लपायला तेवढी एकच जागा होती. कारागीर आला असता, कामं वाटून घ्यायची वेळ आली असती, आणि पहिल्याच आठवड्यात माझं सोंग उघडं पडलं असतं. त्यासाठी मी सत्तर जिने चढले. तत्त्वाच्या गप्पा मारत.

मतदान झालं. हात मोजले, नावाचे कागद मोजले. ठरावाच्या बाजूने सत्तावन्न, विरुद्ध एकसष्ट. राहिले माझ्याकडचे नऊ बिननावाचे कागद आणि माझं स्वतःचं एक मत. माएलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती तिची पिशवी आवरायला लागली होती.

मी दहाच्या दहा ठरावाच्या बाजूने दिली.

 मग शावानची मुलगी, जिच्या घरी मी दोनदा जाऊन आले होते, तिच्या नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, ‘ही बाई आपल्याला वेडं समजते का?’ एकसष्ट लोक माझ्या शब्दावर आले होते. त्यातला एकही जाताना माझ्याशी बोलला नाही. त्यांचं काही चुकलं नाही. का दिलं ते मी तिथे सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण वार्दा समोर बसली होती.

तिला बाहेर गाठलं, ट्रामच्या थांब्यावर. सगळं सांगितलं, बोटांचं, नटाचं, ‘छान झालंय’चं. ती ऐकून घेत होती. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी तिने एवढंच विचारलं, ‘महिनाभर मी स्वतःला शिव्या घालतेय. संत्री घेऊन आलात, तेव्हा का नाही सांगितलंत?’

 ट्राम आली. तिने डाव्या हाताने खिशातून सभासदाचं कार्ड काढलं, माझ्या कोटाच्या खिशात घातलं आणि चढली. पाचशे तीन.

तिच्या कंत्राटदाराकडे मी उद्या जाणार आहे, काय बोलायचं ते माहीत नाही. समितीचा राजीनामा माएलच्या टेबलावर ठेवलाय. पाटी मात्र उतरवणार नाही, ती खोटी नाहीये, मी खोटी होते. आठवड्यातले तीन दिवस तिचा नियम चालेल, दोन दिवस तुझे. मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन ते सात. पगार फार नाही. तुझ्या गणवेशवाल्यांपेक्षा कमी.

तुझी अट होती, सोलांज हो म्हणाली तर. म्हणाली. दहा वेळा म्हणाली.

आलास तर मला प्रेमाने जवळबिवळ घेऊ नकोस, त्याची सवय नाही आपल्याला. माझी हिरवी सायकल दाराशी उभी असेल. तिचा पुढचा ब्रेक गेल्या हिवाळ्यापासून ढिला आहे. उतार आला की मी उतरून चालत जाते आणि लोकांना सांगते, वय झालं. पाना मी माझ्या हाताने तुला देईन. तू आवळ. मी शेजारी उभी राहीन, हात पाठीमागे.

सोलांज